उत्तर

सिडकोत, मिरची कांडपाच्या गिरणीवर माझी खोली.
मार्चपासून मी शिंकत शिंकत प्रोग्राम लिहितो.
लाटवियातली इल्झे पडद्यावरून विचारते, पुन्हा सर्दी?
काळा मसाला कसा समजावायचा. मी हो म्हणतो.

काम तसं साधं.
एक धडा, कुणाच्याच मालकीचा नसलेला,
चार देशांतल्या शिक्षकांनी मिळून लिहायचा,
मी फक्त त्यांचा फळा, खडू, डस्टर करून द्यायचा.
पहिल्या बैठकीत मी अर्धा तास एकटाच बसलो.
आपल्या घड्याळातला तो जादा अर्धा तास
माझ्याच वेळापत्रकातून निसटला होता.

धडा सावलीचा. अंगणात काठी रोवा, भर दुपारी बघा.
पहिलं वाक्य माझ्या शाळेतलं, अजून पाठ:
माध्यान्हीला सावली उत्तरेकडे पडते.
इल्झेने मान डोलावली.
केनियातल्या म्वेन्देबाईंनी त्याच मिनिटाला, त्याच ओळीत
उत्तर खोडून दक्षिण केलं.
पडदा लाल झाला,
आणि मीच बनवलेली चौकट मला विचारू लागली,
दोन्हींपैकी कोणतं ठेवू?
खाली दोन बटणं.
तिसरं मला सुचलंच नव्हतं.

मी उत्तर ठेवलं.
शाळेत प्रश्नाला उत्तर एकच असायचं,
त्यालाच मार्क.

म्वेन्देबाई भांडल्या नाहीत. फोटो पाठवला:
तीसेक मुलं, एक खराट्याचा दांडा,
दक्षिणेला लांबलेली सावली, तिच्यावर उभी एक कोंबडी.

मग सुरगाण्याच्या यशोदा भोये.
तिथे रेंज फक्त टेकडीवर,
धडा पेन ड्राइव्हमध्ये घालून एसटीने जातो,
आठवड्याने परत येतो.
शेवटी त्यांची टीप:
सर, शाळेला सुट्टी होती, घरच्या अंगणात पाहिलं.
एक दिवस काठीला सावलीच नव्हती.
हे कुठल्या चौकटीत भरू?

जूनचा पहिला आठवडा, आभाळ अजून कोरडं.
तुळशीशेजारच्या रिकाम्या कुंडीत मी पोछ्याचा दांडा रोवला.
घड्याळात बारा वाजले, सूर्याचे वाजले नव्हते.
तो आला बारा पस्तीसला,
आणि सावली, जेमतेम तीन बोटं,
पांडवलेण्याच्या डोंगराकडे.
दक्षिणेला.
माझ्याच गावात, माझ्याच गच्चीवर.
शेजारच्या बाई वाळवण उलटायला आल्या होत्या,
म्हणाल्या, काय हरवलं?

रात्री लाल रंग काढून टाकला.
ओळ आता तीनही सावल्या सांभाळते,
उघडण्याआधी विचारते,
कुठे उभी आहेस? महिना कोणता?
कुणी लिहिलं, कुठल्या अंगणातून, तेही खाली राहतं.

इल्झे म्हणते, फार हळू चालतं.
खरं आहे.
म्वेन्देबाईंनी कोंबडीचा फोटो धड्यात घातलाय, विचारलंही नाही.
यशोदाबाईंच्या पेन ड्राइव्हवरून अजून उघडत नाही.
काल तीनदा करून पाहिलं. आज पुन्हा बसतो,
खाली गिरणी सुरू व्हायच्या आत.