भाड्याचा तास

तीन डॉलर भाडं, आणि मुलगी सोबत येईल,
बाबा एवढंच बोलले, सुरी न थांबवता.
कांद्याची पात चिरली जात होती.
रेकॉर्ड कंपनीच्या माणसाने मान हलवली
आणि चॉप सुईचं बिल त्यातच वळतं करून घेतलं.

तो तास आमच्या गल्ल्यामागे टांगलेला असायचा,
काशाचा, परातीएवढा, एका कडेला पोचा आलेला.
बेकर्सफील्डला येऊन एक चिनी ऑपेरा मंडळी बुडाली,
चाळीस जेवणांच्या उधारीपोटी
तो सोडून गेली, आणि एक खोटी दाढी.
दाढी उंदरांनी नेली.

स्टुडिओ म्हणजे टायरच्या दुकानामागची खोली.
भिंतींना अंड्यांचे ट्रे, जमिनीवर वायरींचा गुंता,
आणि गायक, डेल्बर्ट, ओक्लाहोमाचा,
केसांत इतकं तेल की उशीची दया यावी.
समुद्र त्याने पाहिला नव्हता. गाणं हाँगकाँगवर होतं.
गाण्यात एक मुलगी होती, बदामी डोळ्यांची.
तिला नाव नव्हतं, तोंडी एक ओळ नव्हती,
हातात कंदील मात्र होता, दोन्ही कडव्यांत.

गिटारवाल्याने दोन तारा एकदम छेडल्या,
टुणटुण टुणटुण, टुण, टुण.
चीनमध्ये जी चाल कुणी कधी गुणगुणली नाही
आणि अमेरिकेत जी कुणाला शिकवावी लागत नाही.
माझ्याकडे वळून म्हणाला, अगदी आदराने,
"असंच ना तुमच्याकडे?"

आमच्याकडे सकाळी रेडिओवर कापसाचे भाव लागायचे.
आई इस्त्री करताना बाप्टिस्ट भजनं म्हणायची,
तोइसानी बोलीत, सगळे सूर चुकवून.
मी म्हणाले, "साधारण."

ड्रमवाल्याने तास बरोबर मधोमध हाणला.
पातेलं पडल्यासारखा आवाज.
दुसऱ्यांदाही पातेलंच.
तिसऱ्यांदा मला राहवेना.
मध्याच्या जरा खाली, म्हटलं, आणि हाणायचं नाही,
आधी नुसतं शिवून जागं करायचं,
मग द्यायचा.
त्याने मोगरी माझ्या हातात दिली.

सोळा वर्षांची मी, शाळेच्या स्वेटरमध्ये,
पहिल्या कडव्याआधी एक टोला, शेवटी एक.
आणि मधे, काय सांगू,
बेस सुरू झाला तशी फरशी माझ्या बुटांतून वर चढली.
खोटं होतं ते सगळं. हसू येण्यासारखं होतं.
माझी टाच मला न विचारता ठेका धरत होती.

चौथा टेक ठेवला.
काचेमागचा म्हणाला, शेवटचा आवाज फार रेंगाळतो, कापू.
रेंगाळणारच.
काशाला दुसरं येतं काय?

पुढे शाळेच्या जिममध्ये, नाचाच्या रात्री, ते लागलं.
तास वाजला की पोरं बोटांनी डोळ्यांचे कोपरे ओढत,
हात जोडून वाकत, आणि मग नाचत.
लॉइस ताकेमोतो पाणी प्यायला म्हणून गेली
ती गाणं संपेपर्यंत नळाशीच उभी राहिली.
तिच्या घरच्यांनी तीन वर्षं काटेरी तारेमागे काढली होती.
तो टोला कुणाचा, तिने विचारलं नाही,
मी सांगितलं नाही.
मी नाचले. पूर्ण गाणंभर, अर्नी पाचेकोबरोबर,
आणि चांगली नाचले.

रेकॉर्डवर तीन नावं आहेत, तिन्ही पुरुषांची.
पन्नास सेंट माझे मला मिळाले होते,
त्यातून ती विकत घेता आली नाही; ती एकोणनव्वदला होती.

त्या दिवशी डेल्बर्टने तास गाडीपर्यंत पोचवला,
हसवायला म्हणून डोक्यावर घेऊन, टेबलक्लॉथसकट.
संध्याकाळी तो परत टांगताना
गाणं कसलं होतं, हे बाबांनी विचारलं नाही.
विचारलं, कापडाला डाग तर नाही ना पडला.
पडला होता. तेलाचा.
सोडा लावला, उकळत्या पाण्यात घातलं.
मग ते सात नंबरच्या टेबलावर अंथरायचो,
डागावर सोया सॉसची बाटली ठेवून.