सहा ओहम

सेहेचाळीस डिग्री. वाडी नाक्यावर डांबर चपलेला धरून ठेवतं
आणि स्कॅनर म्हणतो : हीटर गरम होत नाही.
"नागपुरात?" बोपचेबाई हसल्या,
मग बिल काढलं. सेन्सर नवा, महिन्यापूर्वीचा.
दिवा तरी पुन्हा पिवळा.

फ्यूज शाबूत.
इंजिन चालू ठेवून सॉकेट सोडवलं,
दोन पांढऱ्या तारांच्या टोकांना टेस्ट लॅम्प लावला.
पेटलाच नाही.
म्हणजे सेन्सर नुसता उपाशी,
वाढणारा हात मधेच कुठंतरी अडलेला.

तारेच्या मागे गेलो, डोळ्यांनी नाही, बोटांनी.
बॅटरीच्या ट्रेखाली घरटं :
खर्र्याची पन्नी, लग्नपत्रिकेवरचा अर्धा गणपती
आणि कूलरच्या ताटीचा वाळा, मूठभर,
अजून वास येणारा.
उंदराच्या पिल्लांना गारवा हवा होता.
तार आड आली. कुरतडली.

सोल्डर, स्लीव्ह, टेप. लॅम्प पेटला.

"आणि हा जुना?"
बाईंनी पर्समधून रुमालात गुंडाळलेला काढला.
मीटर लावला. सहा ओहम. ठणठणीत.

बिलावर सही इस्तारीभाऊंची.
त्यांच्याच हाताखाली मी लॅम्प धरायला शिकलो.
"पयले तार पाह्य बे, मंग पार्ट,"
हे बोलणंही त्यांचंच.
आता त्यांना पांढरी तार अन् पिवळी
एकच दिसते.

"तोही गेलाच होता, मॅडम," मी म्हणालो
आणि मीटर बंद केला,
त्यांनी आकडा वाचायच्या आत.