फुग्यात मावेल तेवढंच

भांडण झालं की मी आधी कागद घेते.
स्टीलच्या पट्टीने चार चौकटी आखते.
याच पट्टीने निरंजन ओट्यामागचं झुरळ हाकलतो,
त्यावरून आमचं पहिलं भांडण झालं
आणि पहिलं चित्रही.

माणसं माझी, शब्द त्याचे.
त्याचं नाक मी वांग्याचं काढते.
भरताचं नव्हे, आमच्या जळगावचं वांगं
त्या चेहऱ्याला पेलायचं नाही.
भरल्या वांग्याचं. छोटं, देठासकट.
मला तो दोन वेण्या घालायला लावतो.
मला वेण्या नाहीत, मानेपर्यंत केस आहेत.
"राग कुठून निघतो ते दिसायला हवं," म्हणतो.
चिडले की वेण्या उभ्या.

धनकवडी, दुसरा मजला,
ओटा सव्वापाच फूट.
दोघं एकदम उभे राहिलो
तर एकाला कुकरशी लगट करावी लागते.
काढायला सोपी चौकट.
मागे काही दाखवावं लागत नाही,
मागे जागाच नाही.

विषय बहुतेकदा आमटी.
त्यांच्याकडे गूळ अंदाजाने पडतो,
तो अंदाज मी अकरा वर्षं शोधतेय.
एका गुरुवारी मिरची मी माझ्या अंदाजाने टाकली.
पहिली चौकट : घास.
दुसरी : फक्त कान.
तिसरी : नळ, त्याला पाणी नाही.
चौथी : गॅलरीत गुळाची ढेप दोन्ही हातांत धरून
तो चाटत उभा, वर चंद्र खजील.
फुग्यात त्याने लिहिलं, "चांगली झालीय."
मी इतकी हसले की दूध उतू गेलं,
आणि त्यावरून पाचवी चौकट काढावी लागली.

फुग्यात अकराच शब्द मावतात.
बारावा बारीक लिहावा लागतो
आणि त्याला चाळिशी लागलीय.
म्हणून मी सांगायला बसते,
"तुझ्या आईने त्या दिवशी मुंजीत सगळ्यांदेखत मला मुद्दाम वाढताना जे काही"
आणि इथे फुगा भरतो.
उरलेलं बाहेर पडून राहतं,
दुपारपर्यंत वाळतं.

सासूबाईंच्या हाती एकदा वही लागली.
चष्मा पुसला. पान जवळ नेलं, लांब नेलं.
"ही मी?"
हो म्हटलं, दुसरं काय म्हणणार.
"भाकरी अशी बसकी का काढलीस? माझी फुगते."
मी खोडरबर घेतलं.
"अजून," म्हणाल्या.
"अजून."
भाकरी त्यांच्याहून मोठी झाली तेव्हा म्हणाल्या,
"हं. आता मला जरा बारीक कर."

मार्चमधल्या तीन आठवड्यांची पानं वहीत नाहीत.
भोसरीची कंपनी बंद पडली होती
आणि ते त्याने सांगितलं नव्हतं.
रोज आठ-दहाला डबा घेऊन निघायचा,
रोज साडेसहाला रिकामा डबा घेऊन यायचा,
ट्रॅफिकला शिव्या घालायचा, तेवढ्याच, तशाच.
एकदा घासायला काढला तर
कडीत अडकलेलं बारीक निळं पीस.
भोसरीत मोर नाहीत.
तळजाईवर आहेत.

मी काही बोलले नाही.
चार चौकटी आखल्या.
टेकडी. दगडावर वांग्याचं नाक.
उघडा डबा.
मोर, चोच शेवभाजीत.
फुगा रिकामा ठेवला,
कागद घडी करून पोळ्यांखाली सरकवला,
आणि दिवसभर कशातच लक्ष लागलं नाही,
दोनदा मीठ घातलं.

संध्याकाळी तो शिव्या न घालता आला.
डबा माझ्या हातात दिला, ओट्यावर ठेवला नाही.
कागद आतच होता, घडी उलटी.
मोराच्या फुग्यात त्याचं अक्षर :
"वहिनी, उद्या तिखट जरा कमी."

ते पान फ्रिजवर लावलंय.
मोराच्या पोटावर तेलाचा डाग आहे.
तो मी काढलेला नाही.