चौथा रांजण

नोव्हेंबरात आम्ही वेलींना झोपवतो.
झोपवतो म्हणजे अक्षरशः :
तारेवरून सोडवून, कमरेत वाकवून, आडवं करून
वर फावड्याने माती ओढतो.
बाबा म्हणायचे, जुन्या वेलीला दोन माणसं लागतात,
एक वाकवायला, एक तिच्याशी बोलायला.
बोलायचं काम माझं.
सात वर्षांची होते, सांगण्यासारखं काही नव्हतं,
म्हणून पाढे म्हणायचे.

वायोत्स द्झोरच्या या वरच्या अंगाला, पंधराशे मीटरवर,
थंडी उणे पंचवीसला जाते.
तातुल, माझा भाऊ, गिऱ्हाइकांना हा आकडा
स्वतःच्या कमाईसारखा सांगतो.
खालच्या खोऱ्यात द्राक्षं कधीच गोड होऊन बसतात.
आमची वोस्केहात, म्हणजे सोनदाणा,
ऑक्टोबरपर्यंत आंबट तोंड करून
उन्हाकडे बघत राहते.
रात्री डोंगर तिच्यातली ऊब काढून घेतो,
सकाळी परत करतो, थोडी हातची राखून.
त्या राखलेल्याची चव असते, असं आई म्हणते.
आई वाइन पीत नाही.
पेला नाकाशी धरते आणि महिना सांगते.

या वर्षीचं भांडण एप्रिलचं.
आई म्हणाली, जर्दाळूचा बहर गळेपर्यंत
मातीला हात लावायचा नाही.
तातुलने फोन पुढे केला : दहा दिवस ऊन.
बाबा असते तर टोपी मागे सारून गप्प बसले असते
आणि दोघांनाही वाटलं असतं, आपणच जिंकलो.
बाबा नव्हते.
मी होते, येरेवानची नोकरी सोडून आलेली,
काचेच्या नळ्या आणि आंबटपणा मोजायचं यंत्र घेऊन.
मी तातुलच्या बाजूने बोलले.
हे लिहून ठेवते.

अठ्ठावीस एप्रिल, पहाटेचे तीन.
आकाश इतकं निरभ्र की पोटात गोळा यावा.
काडीकाडीवर डोळे फुटलेले.
कोंबाला डोळा का म्हणतात ते तेव्हा समजलं,
आम्ही धावत होतो आणि ते बघत होते.
ओला पेंढा पेटवला. मक्रुहीबाईंनी
गोठ्यातल्या गोवऱ्या दिल्या, गाडीची जुनी टायरं दिली,
स्वतः नवऱ्याच्या कोटात उभ्या राहिल्या.
धूर वेलींवर थांबला नाही,
नदीकडे उतरून गेला, जसं काही काम होतं तिकडे.
आईने घरातून रजई आणली
आणि बाबांनी लावलेल्या एकाच वेलीवर घातली.
बाकी नऊशे वेली.
एक रजई.

सकाळी डोळे काळे,
चहात बुडवून काढल्यासारखे.
तातुलने पाव कापला. सगळ्यांना सारखे तुकडे.
कुणी कुणाकडे मीठ मागितलं नाही.

मग दुसरे डोळे आले, उशिरा, लाजत,
ज्यांच्यावर कुणाची भिस्त नसते ते.
त्यांचे घड मुठीएवढे.
तळघरात गळ्यापर्यंत पुरलेले पाच रांजण,
चौथा भरला, तोही खांद्यापर्यंत.
उरलेले धुऊन ठेवायचे म्हणून मी पहिल्यात उतरले,
हातात ब्रश, कपाळाला दिवा,
आणि का कोण जाणे, म्हणाले,
सात सत्ते एकोणपन्नास.
मातीने ते जसंच्या तसं परत दिलं,
बाबांच्या आवाजाहून किंचित वर.

मार्चमध्ये झाकण काढलं.
फिकट, पातळ, जिभेच्या कडांना कापत जाणारी.
यंत्र म्हणालं, आंबटपणा जास्त.
तातुल म्हणाला, विकली जाणार नाही.
आईने पेला नाकाशी धरला. बराच वेळ.
आम्ही ऑक्टोबर ऐकायला उभे.
ती म्हणाली, एप्रिल.
आणि थोडा धूर.

मी सांगणार होते की एप्रिलचा धूर
द्राक्षात उतरत नाही,
तेव्हा तर फूलही धरलं नव्हतं.
पण या वेळी
माझं म्हणणं मी हातचं राखलं.