भोसरी, गुरुवार

गुरुवारी आमच्याकडे लाइट नसते.
दहा ते पाच. कारण दुरुस्ती; वर्षानुवर्षं तेच.
तरी शेडमधला कंटेनर घूं घूं करत राहतो,
काल पत्र्यावरच्या पॅनेलांनी प्यायलेलं ऊन
थोडं थोडं परत देत.

तारेमा त्याच्या अंगाला कान लावून उभी.
तीन महिने शिकायला आलीय, तिच्या बेटावरून,
जिथे डिझेलचं जहाज उशिरा आलं की
आधी दवाखान्यातला फ्रीज गरम होतो,
मग माणसं.

पहिल्या आठवड्यात तिला झोप लागायची नाही.
समुद्र किती लांब, विचारलं.
ताम्हिणी उतरून चार तास, मी म्हटलं.
हसली.
चार तासांत माझा देश दोनदा संपतो.

मग एका दुपारी सापडली
कूलिंग फॅनपाशी, खोक्याच्या पुठ्ठ्यावर, गाढ.
आवाज लाटेसारखाच आहे, म्हणाली,
फक्त ही लाट मागे जात नाही.

कंटेनर सोमवारी बंदराकडे निघेल. तिच्याकडे.
मी नोंदवहीत लिहितो:
सेल एकशे बारा. भरला, उपसला, पुन्हा भरला.
सहाशेवी फेरी. झीज दोन टक्के.

किनाऱ्याची किती,
ते तिला विचारलं नाही.