वस्तीची गाडी

देवगडहून संध्याकाळी सव्वासहाला सुटते,
मुणग्याला वस्तीला जाते.
बावीस वर्षं हिची घंटी माझ्या हातात.

पूर्वी मी सुट्ट्या पैशांनी नाही,
निरोपांनी जड असायचो.
"हिंदळ्याच्या तिठ्यावर आमची मावशी असेल, लाल छत्री,
तिला सांगा म्हैस व्यायली, रेडी झाली."
"गुरुजींना म्हणावं, चिऱ्यांचा ट्रक उद्या नाही, शुक्रवारी."
"कंडक्टर, त्या मुलग्याला सांगा, ती नाही म्हणाली.
पण नीट सांगा."
नीट कसं सांगायचं ते मी
सड्यावरच्या आठ किलोमीटरांत जुळवत राहायचो.
कागदावर कधी काही घेतलं नाही.
विसरलोही नाही.

रात्री शाळेजवळ गाडी लावली
की कुठल्यातरी पडवीतून हाक:
"जेवान घेवा हो, डायवर, कंडक्टर!"
सुंगटांचं सार, उकडा भात,
आणि आम्ही सांगायचो देवगडचं काय काय,
निम्मं खरं, निम्मं घाटीत सुचलेलं.

आता पडव्यांना लोखंडी जाळ्या आहेत.
आत निळा उजेड, पाण्यात मासा वळावा तसा हलतो,
आणि एकाच मालिकेतली एकच सासू
सात घरांत थोडी मागेपुढे रडते.

गाडीत चाळीस माणसं.
देवाला कौल लावून बसावं तशी शांतता,
फक्त कौल प्रत्येकाचा वेगळा
आणि देव तळहातावर.

हे तक्रार म्हणून सांगत नाही.
तक्रारीला मला तोंड नाही.
रात्री आचरेकर मागच्या बाकावर आडवा, मी पुढच्या,
दोघांच्या छातीवर एकेक उजेड.
तो हसतो तेव्हा मी हसत नाही.
मी हसतो तेव्हा तो विचारतही नाही, काय रे.

गेल्या श्रावणात, नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी,
सड्यावरच्या थांब्यावर अर्जुन कोयंडे चढला.
बसला नाही. पायरीवरच उभा.
रापणीच्या वाट्यावरून सख्ख्या भावाशी अबोला, नऊ वर्षं.
म्हणाला, "वासूक सांगा, जा झाला ता झाला.
चवथीक घराक ये म्हणान सांगा."
मी म्हटलं, अहो, फोन करा की.
"फोन असा माझ्याकडे," म्हणाला,
"पण फोनार पयलो शब्द खंयचो काढू?"
आणि उतरला.

वासू तिठ्यावर चढला, खाडीच्या पुलाशी उतरला.
अकरा मिनिटं, माझ्या हाताच्या अंतरावर.
मी बघत होतो
कुठल्याशा देशातला एक माणूस
कलिंगडाला रबराची कडी चढवतोय,
मग आणखी एक, मग आणखी एक, फुटेपर्यंत.
फुटलं तेव्हा
वासूची पाठ दारात होती.

उद्या सांगू, म्हटलं.
उद्या तो ट्रॉलरवर गेला.

चवथ आली. अर्जुनच्या घरी माटवीला कवंडळं यंदा जास्त होती
आणि पंगतीत एक पान कुणी न बसताच
शेवटपर्यंत वाढलेलं राहिलं,
असं कानावर आलं. गाडीत नव्हे, बाजारात.
अर्जुन मला काही विचारत नाही.
त्याला वाटतं, निरोप पोचला
आणि वासू आला नाही.

काल वासू चढला.
कानांत दोन पांढऱ्या गोळ्या, अंगठा काचेवर.
तिकिटाचं यंत्र घेऊन मी त्याच्यापाशी उभा राहिलो,
जरा जास्तच वेळ.
त्यानं एक गोळी काढली. "काय?"

खाडीचा वास आत यायला लागला होता.
बावीस वर्षांत पहिल्यांदा मी त्याला विचारलं,
"कुठं उतरणार?"