चहाचे दोन चमचे

अर्ज अकरा पानी आहे.
मीच तो इंग्रजीतून चिचेवात आणला,
ब्लांटायरच्या ऑफिसात, पंख्याखाली, नऊ दिवस बसून.
'संशोधन' सोपं गेलं : काफुकुफुकु.
त्या शब्दात मला नेहमी माती उकरणारी कोंबडी दिसते.
अडलं ते एका वाक्यापाशी.
कुठल्या बाळाला खरं औषध, कुठल्याला नुसतं गोड पाणी,
हे कोणीच ठरवणार नाही.
कोणीच नाही म्हणजे? माझ्या आईनंही विचारलं असतं.
शेवटी लिहिलं, मायेरे. चिठ्ठ्या टाकणं.
खताची पोती कमी आली की टाकतात तशा.

मार्चमध्ये चिक्वावात शीरे नदी मक्यात शिरते,
परत जाताना डास मागे ठेवते.
फालेसीच्या अंगणात मी अर्ज वाचला, सगळा,
मोठ्यानं, नियमाप्रमाणे सावकाश.
ती शेंगा सोलत होती. मादालो पाठीशी बांधलेली,
चितेंजेतून एक पाय बाहेर,
त्या पायात काळा दोरा.

"रक्त किती?"
दोन चमचे, चहाचे. पान चार.
ती आत गेली
आणि न्सिमा वाढायचा लाकडी डाव घेऊन आली.
"हा?"

त्या घरात चहाचा चमचा नव्हता.
मी ओंजळीत पाणी घेऊन दाखवलं, ते बोटांतून गळालं.
मग फान्टाच्या बाटलीचं झाकण सापडलं. अशी दोन.
ती झाकणाकडे बघत राहिली, मग मुलीच्या पायाकडे.
अकरा पानांत इतका वेळ
आम्ही कशापाशीच थांबलो नव्हतो.

मग माझे प्रश्न. पाच, छापील.
मधेच नाव काढून घेता येईल का? हो.
नाही म्हटलं तर दवाखाना बंद होईल का? नाही.
पाचपैकी पाच.
तिला समजलं, असं माझ्या कागदाला समजलं.

"डॉक्टर चांगला माणूस आहे?"
हा प्रश्न अर्जात नव्हता.
"गेल्या साली एनिफाचं पोर गेलं
तेव्हा तू गाडीतून पेटीच्या फळ्या आणल्यास.
म्हणून मी हो म्हणते.
त्या चिठ्ठ्यांचं तुमचं तुम्ही बघा."

मला सांगायला हवं होतं, हे कारण चालत नाही.
फळ्या वेगळ्या, हे वेगळं.
मी तोंड उघडलंसुद्धा.
उन्हात शेंगांच्या टरफलांचा ओलसर वास होता.
मी म्हणाले, इथे अंगठा.

तिनं आधी बोट चितेंजेला पुसलं,
दोनदा, मग शाईत टेकवलं.
ठसा उमटला, अगदी चौकटीत.
आणि तिनं शाईचा पॅड माझ्याकडे ढकलला.
"आता तुझा."
माझी सही आहे ना खाली, ही बघ. संमती घेणारी.
"ती तुमच्या कागदावर. तो तुमच्या गाडीतून जाईल.
माझ्या कागदावर कोण?"

तिनं मादालोची हेल्थ पासपोर्टची वही उघडून धरली.
लसींच्या नोंदींनंतरचं शेवटचं पान, कोरं,
कोपऱ्यात तेलाचा डाग.

कशाला हो म्हणायचं, किती दिवस, किती चमचे,
त्या पानावर काहीच लिहिलेलं नव्हतं.
मला कोणी वाचून दाखवलं नाही.
मधेच सोडता येईल का,
हे मीही विचारलं नाही.

संध्याकाळी ऑफिसात शेवटचा रकाना :
भेटीत काही अनपेक्षित घडलं का?
नाही, मी लिहिलं,
आणि पान उलटताना कडेला निळा अंगठा लागला.
तो तसाच स्कॅन झाला.